जन्मवंश आणि विद्यावंश : स्कडर घराणे आणि वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण

भारतीय शास्त्रपरंपरेने वंश दोन प्रकारचा मानला आहे. एक जन्माने चालणारा आणि दुसरा विद्येने चालणारा. वैद्यकाच्या इतिहासात हे दोन्ही वंश बराच काळ एकाच घरात नांदले, कारण वैद्याच्या मुलाने वैद्य व्हावे, औषधांची माहिती बापाकडून मुलाकडे जावी आणि रोग्यांचा विश्वासही त्याच घराकडे राहावा, ही रीत जगातल्या बहुतेक समाजांत स्वाभाविक समजली जात होती. आधुनिक वैद्यकाने परीक्षा, पदवी आणि नोंदणी यांच्या आधारे ही रीत मोडली असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण आधुनिक वैद्यकाच्या पहिल्या शतकातही कुटुंबे आपला व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेत राहिली आणि त्यांतल्या काही थोड्या कुटुंबांनी आपली विद्या स्वतःच्या रक्ताबाहेर नेण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला. अमेरिकेतून १८१९ साली निघालेले आणि पुढे तमिळ प्रदेशात रुजलेले स्कडर घराणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या घराण्याच्या चार पिढ्यांतील ४२ व्यक्तींनी मिशनरी म्हणून काम केले आणि त्यांच्या सेवेची एकत्रित वर्षे अकराशेहून अधिक भरतात, अशी गणना केली जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख मात्र त्या संख्येवर नाही. या घराण्याचा जन्मवंश विद्यावंशात कसा रूपांतरित झाला, आणि ते रूपांतर मुलाच्या हातून न होता एका मुलीच्या हातून का झाले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

या कथेचे एक मूळ मुंबईत आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चेसनी परदेशी धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे पहिले प्रतिनिधी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्या कामातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगर येथून १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचे अपत्य. या पहिल्या मंडळींपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल या दोघांनी भारतात येण्यापूर्वी फिलाडेल्फियात काही काळ वैद्यकाचाही अभ्यास केला होता. त्यांनी मुंबईत बसून लिहिलेली एक पुस्तिका १८१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. जगातील साठ कोटी ख्रिस्तेतर लोकांचा ख्रिस्ती समाजावर हक्क आहे, असा तिचा प्रतिपाद्य विषय होता. न्यूयॉर्कमध्ये चांगला जम बसलेला जॉन स्कडर हा तरुण डॉक्टर एका रोग्याच्या घरी गेला असता ही पुस्तिका त्याच्या हाती पडली आणि तिच्या वाचनाने त्याने आपला व्यवसाय सोडून पूर्वेकडे जाण्याचे ठरवले. पुस्तिकेच्या लेखकांपैकी हॉल १८२६ मध्ये नाशिक परिसराच्या दौऱ्यावर पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मरण पावला. त्या दौऱ्यात पटकीच्या रोग्यांना औषधे वाटत तो फिरला होता. लिहिणारा असा अकाली गेला, परंतु त्याच्या लेखणीने हलवलेले कुटुंब मात्र त्यानंतर शतकभराहून अधिक काळ भारतात राहिले.

जॉन स्कडर यांचा जन्म १७९३ मध्ये न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड येथे झाला. प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाची पदवी आणि न्यूयॉर्कमधील वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी व्यवसाय सुरू केला होता. १८१९ च्या जूनमध्ये ते पत्नी हॅरिएट वॉटरबरी यांच्यासह बोस्टनहून जहाजाने निघाले, वाटेत कलकत्त्यात त्यांची लहान मुलगी दगावली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते सिलोनमधील जाफना प्रदेशात पोहोचले. अमेरिकेतून परदेशी पाठवलेला पहिला वैद्यकीय मिशनरी, म्हणजे पदवीधर डॉक्टर आणि धर्मप्रचारक अशा दुहेरी भूमिकेतील माणूस, असा त्यांचा उल्लेख केला जातो. जाफन्यातील पंडतरिप्पु येथे त्यांनी दवाखाना चालवला, तमिळ शिकून घेतली आणि १८३६ मध्ये ते मद्रासला आले. त्यांच्या दृष्टीने औषध हे प्रवचनाचे दार होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या पत्रवजा पुस्तकांतून भारतीय धर्मजीवनाचे जे चित्र उभे राहते ते एकांगी आहे आणि आजच्या वाचकाला ते खटकल्याशिवाय राहत नाही. तरीही ज्या रोग्याचा मोतीबिंदू त्यांनी काढला किंवा ज्याच्या पटकीवर उपचार केला, त्याला मिळालेला गुण त्या पुस्तकांच्या भाषेवर अवलंबून नव्हता. मिशनरी वैद्यकाचे मूल्यमापन करताना हेतू आणि परिणाम हे दोन्ही स्वतंत्रपणे तोलावे लागतात. एकाने दुसऱ्याला झाकण्याची घाई दोन्ही बाजूंच्या लेखकांनी पुष्कळदा केली आहे.

हॅरिएट १८४९ मध्ये आणि जॉन १८५५ मध्ये निवर्तले, तोपर्यंत त्यांचे सात मुलगे मिशनरी कार्याकडे वळले होते किंवा वळण्याच्या मार्गावर होते. त्यांतील हेन्री, विल्यम आणि जोसेफ या तिघांनी १८५३ मध्ये मद्रास इलाख्याच्या अर्काट भागात ‘अर्काट मिशन’ स्थापन केले, ज्याचा कारभार पुढे अमेरिकेतील डच परंपरेच्या रिफॉर्म्ड चर्चकडे गेला. सायलस यांनी १८६६ मध्ये राणीपेट येथे रुग्णालय सुरू केले, तर सर्वांत धाकटे जॉन, म्हणजे आरंभी उल्लेखिलेल्या मुलीचे, इडा यांचे, वडील, डॉक्टर होऊन वेल्लोर, तिंडिवनम अशा ठिकाणी काम करत राहिले. या दुसऱ्या पिढीचे बळ भाषेत होते. तमिळ प्रदेशात जन्मलेल्या या मुलांच्या कानांवर तमिळ पाळण्यातच पडली होती आणि हेन्री यांनी तमिळमध्ये ग्रंथरचनाही केली.

शिक्षणाच्या बाबतीत या पिढीची भूमिका आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल. अमेरिकन बोर्डाच्या वतीने १८५४-५५ मध्ये रूफस अँडरसन भारतात आले, तेव्हा इंग्रजी शाळांवर खर्च करण्याऐवजी लोकभाषेतील प्रचारावर भर द्यावा, असे धोरण ठरले. त्याची झळ मुंबई-अहमदनगरच्या शाळांनाही बसली आणि अर्काट मिशननेही आरंभी तेच धोरण अंगीकारले. त्यामुळे जवळजवळ अर्धशतक या घराण्यात रोग्यावर उपचार करणारे पुष्कळ होते, पण उपचार करणारे नवे लोक घडवण्याची मोठी व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती. त्याच बोर्डाचे डॉ. सॅम्युएल ग्रीन यांनी मात्र जाफन्यात १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्थानिक तरुणांना वैद्यक शिकवण्यास प्रारंभ केला, वैद्यकीय ग्रंथ तमिळमध्ये आणले आणि पुढे तमिळ माध्यमातूनच अध्यापन केले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही १८६० च्या दशकात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालत असत. लोकभाषेतून आधुनिक वैद्यक शिकवण्याच्या या प्रयत्नांना मिळावे तेवढे श्रेय भारतीय शिक्षणाच्या इतिहासात मिळालेले नाही. स्कडर घराण्याचे एवढे तमिळ प्रभुत्व या कामी लागले असते, तर तमिळ वैद्यकीय वाङ्मयाला फार मोठे बळ मिळाले असते, ही हळहळ इतिहासाच्या अभ्यासकाने व्यक्त करावी अशीच आहे.

या वारशाची किंमत मुलांनी मोजली. मिशनरी कुटुंबांत मुलांना शिक्षणासाठी लहान वयातच अमेरिकेला, नातेवाइकांच्या घरी, पाठवण्याची प्रथा होती, आणि आईबाप व मुले यांच्यात अनेक वर्षांचा दुरावा पडत असे. १८७० मध्ये राणीपेट येथे जन्मलेल्या इडा सोफिया स्कडर हिच्या बालपणावर १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची छाया होती. त्यानंतर अमेरिकेत काकांच्या घरी राहताना तिने आईवडिलांचा विरह सोसला आणि आपण मिशनरी होणार नाही, असे तिने ठरवून टाकले. कुटुंबाचा वारसा नाकारणारी ही मुलगी, आई आजारी असल्यामुळे, १८९० मध्ये तात्पुरती म्हणून तिंडिवनमला आली.

त्यानंतर घडलेली घटना तिच्या प्रत्येक चरित्रात सांगितली जाते. एकाच रात्री तीन पुरुष, त्यांत एक ब्राह्मण आणि एक मुसलमान, बाळंतपणात अडलेल्या आपल्या पत्नींसाठी मदत मागण्यास आले. घरात डॉक्टर होते, परंतु ते पुरुष होते. परपुरुषाचा हात लागू देण्यास तिघेही तयार नव्हते आणि शिकलेली नसल्यामुळे इडा काही करू शकत नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या. ही हकीकत पुढे निधिसंकलनाच्या सभांतून इतक्या वेळा सांगितली गेली की तिला दंतकथेचा आकार आला, पण तिच्या मुळाशी असलेली सामाजिक वस्तुस्थिती निर्विवाद आहे. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रियांना प्रवेश दिला होता, १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड उभारला गेला होता, मुंबईत एडिथ पेची यांच्या नेतृत्वाखाली कामा रुग्णालय १८८६ पासून चालू होते. तरीही तिंडिवनमसारख्या गावातल्या अडलेल्या बाईपर्यंत यांतले काहीच पोहोचले नव्हते. त्या रात्री इडा यांना जे कळले ते असे की, त्यांच्या कुटुंबाने सत्तर वर्षे केलेल्या वैद्यकीय सेवेला समाजाचा अर्धा भाग जवळजवळ पारखाच राहिला होता. बाप ते मुलगा अशी चालणारी परंपरा याच ठिकाणी अपुरी पडत होती.

इडा यांनी १८९५ मध्ये फिलाडेल्फिया येथील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे, कॉर्नेल विद्यापीठाने आपले नवे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना खुले केल्यावर, तेथून १८९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. फिलाडेल्फियाच्या याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी आणि १८९२ मध्ये डॉ. गुरुबाई करमरकर पदवीधर झाल्या होत्या. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात व्हायची होती, पण त्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी क्षयाने त्यांचा अंत झाला. गुरुबाई अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने मुंबईत वर्षानुवर्षे स्त्रिया आणि मुले यांच्यावर उपचार करत राहिल्या. लंडनमध्ये शिकलेल्या डॉ. रखमाबाईंनी सुरतेत काम उभे केले; त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, हे येथे जाता जाता नमूद करावे, कारण वैद्यक आणि अध्यापन यांचा संगम त्याही घरात होता आणि मुलीच्या शिक्षणाला त्याचा आधार मिळाला. या स्त्रियांच्या बुद्धीत किंवा धैर्यात इडा यांच्यापेक्षा काही कमी होते असे म्हणता येणार नाही. आनंदीबाईंना तर इडा यांच्यापेक्षा कितीतरी अधिक विरोध सोसावा लागला. फरक होता तो पाठीशी असलेल्या व्यवस्थेचा. इडा परतल्या तेव्हा त्यांच्यामागे तीन पिढ्यांचे नाव, त्या नावाला ओळखणारी अमेरिकेतील चर्चेस, आणि न्यूयॉर्कमधील एका धनिकाने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले दहा हजार डॉलर होते. आनंदीबाईंच्या मागे एक पती होता आणि पुढे एकटीने तुडवायची वाट होती. व्यक्तीच्या पराक्रमाची गाथा गाताना तिच्यामागच्या संस्थेचा हिशेब सोडून दिला, तर दोघींवरही अन्याय होतो.

इडा १९०० च्या आरंभी वेल्लोरला आल्या आणि त्याच वर्षी वडील जॉन यांचा मृत्यू झाला. ज्यांच्या हाताखाली अनुभव घ्यायचा तेच गेल्यामुळे घराण्याची जुनी शिक्षणपद्धती, म्हणजे बापाशेजारी उभे राहून शिकणे, त्यांच्या बाबतीत जवळजवळ सुरू होताच संपली. राहत्या घरातच त्यांनी दवाखाना उघडला, आणि घरातील नोकरमाणसांपैकी एकाची पत्नी सलोमी ही त्यांची पहिली मदतनीस झाली. तिला मलमपट्टी, औषधे तयार करणे आणि रोग्याची शुश्रूषा इडा यांनी हाताला धरून शिकवली. वेल्लोरच्या अध्यापनाचा आरंभ या तमिळ बाईपासून मानावयास हवा. १९०२ मध्ये ४० खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले, १९०९ मध्ये डेलिया हॉटन यांच्या साहाय्याने परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि त्याच सुमारास इडा आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, प्रथम बैलगाडीतून आणि नंतर लहानशा मोटारीतून, गुडियात्तमच्या वाटेवरील गावांना भेटी देऊ लागल्या. रस्त्याकडेच्या झाडाखाली रोगी वाट पाहत बसत. या फेऱ्यांतून रोगी वाढत गेले आणि एक डॉक्टर कितीही राबली तरी पुरणार नाही, हे दरवर्षी अधिक स्पष्ट होत गेले. स्कडर घराण्यातील आणखी चार-दोन डॉक्टर आणल्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता.

वेल्लोर येथे १९१८ च्या ऑगस्टमध्ये विविध मिशनांच्या सहकार्याने स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. ती ‘एल. एम. पी.’ या परवान्यासाठी मुली तयार करी. हा विद्यापीठाच्या पदवीहून खालचा, परंतु सरकारमान्य असा वैद्यकीय व्यवसायाचा परवाना होता आणि इलाख्यातील बहुसंख्य लहान गावांत याच परवान्याचे डॉक्टर काम करत. मुली अर्ज तरी करतील काय, अशी शंका सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली होती. अर्ज जागांच्या कितीतरी पट आले. मोजकी साधने आणि तोकडी जागा यांवर पहिली तुकडी शिकली, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेत, जिथे मुलग्यांच्या शाळांतले बहुसंख्य नापास होत, तिथे परीक्षेला बसलेल्या वेल्लोरच्या सर्व १४ मुली उत्तीर्ण झाल्या. शाळा भक्कम उभी राहिली ती या निकालाने.

येथे एका समकालीन प्रयोगाची तुलना उपयुक्त ठरेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी वेल्लोरच्या दोन वर्षे आधी, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांच्या जीवनाला अनुरूप असा स्वतंत्र अभ्यासक्रम ही कर्व्यांच्या विद्यापीठाची दोन सूत्रे होती, आणि त्यासाठी सरकारी मान्यतेवाचून राहण्याची त्यांची तयारी होती. वेल्लोरने नेमका उलटा मार्ग घेतला; परीक्षा पुरुषांचीच, माध्यम इंग्रजी आणि मान्यता सरकारची. कर्व्यांचा मार्ग अधिक स्वतंत्र प्रज्ञेचा होता यात शंका नाही, कारण ज्या मुलींना इंग्रजी शिक्षणाचे दार बंद होते त्यांना त्याने उच्च शिक्षण दिले. परंतु वैद्यकासारख्या व्यवसायात, जेथे परवाना नसेल तर ज्ञान असूनही हात बांधलेले राहतात, तेथे वेल्लोरच्या मार्गाला पर्याय नव्हता. स्त्रीने वेगळे काही शिकावे की तेच शिकावे, हा वाद या दोन संस्थांच्या रूपाने शेजारी शेजारी मांडलेला दिसतो.

मान्यतेचा हाच मार्ग १९३० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या मुळावर आला. मद्रास सरकारने एल. एम. पी. अभ्यासक्रम बंद करून यापुढे विद्यापीठाची एम. बी. बी. एस. पदवीच ग्राह्य धरण्याचे ठरवले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी हे धोरण योग्य होते, पण त्यासाठी उच्च पदव्या असलेले प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि अनेकपट खाटा उभारणे भाग होते, आणि पुरेसा पैसा केवळ स्त्रियांच्या मिशनरी मंडळांकडून मिळणे शक्य नव्हते. पुरुषांची मंडळे मदतीस तयार होती. अट एवढीच की महाविद्यालय मुलग्यांनाही खुले करावे. अमेरिकेत वेल्लोरसाठी आयुष्यभर निधी जमवणाऱ्या ल्यूसी पीबॉडी यांनी याला कडाडून विरोध केला. स्त्रियांनी स्त्रियांसाठी पै-पैसा जमवून उभारलेली संस्था पुरुषांच्या हाती देणे हा त्यांच्या दृष्टीने विश्वासघात होता, आणि त्यांच्या युक्तिवादात तथ्य होते. सहशिक्षणात गेलेल्या अनेक स्त्रीसंस्थांचे नेतृत्व पुढे पुरुषांकडे गेल्याचे इतिहासात दिसते. सत्तरी ओलांडलेल्या इडा यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ द्विधा मनःस्थितीत काढून अखेर सहशिक्षण स्वीकारले आणि जुन्या मैत्रिणीशी संबंध दुरावल्याचे दुःख पत्करले. युद्धकाळात अमेरिकेत निधीसाठी त्या गावोगाव फिरल्या. १९४२ मध्ये एम. बी. बी. एस. वर्गाला तात्पुरती संलग्नता मिळाली, १९४६ मध्ये परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम, जो भारतातील अगदी पहिल्यांपैकी एक, सुरू झाला आणि १९४७ पासून पुरुष विद्यार्थी येऊ लागले. संस्था बंद पडून तिचे स्त्रीत्व अबाधित राहण्यापेक्षा ती स्त्री आणि पुरुष दोघांना शिकवत चालू राहावी, हा इडा यांचा निर्णय योग्यच होता, असेच म्हणावे लागते. मात्र पीबॉडी यांचे नाव त्या निर्णयाच्या कथेतून गळता कामा नये, कारण ज्या पायावर हा विस्तार झाला तो पाया घालण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता.

घराण्याच्या दृष्टीने याहून मोठा बदल नेतृत्वाच्या बाबतीत झाला. इडा १९४६ मध्ये निवृत्त झाल्या, त्या वेळी त्यांची भाची डॉ. इडा बी. स्कडर वेल्लोरमध्येच कार्यरत होती आणि कुटुंबाच्या नावाने संस्था चालवायची असती तर वारस घरातच होता. पण पुढे नेतृत्व एक भारतीय स्त्री, डॉ. हिल्डा लाझारस, यांच्याकडे आले, आणि धाकट्या इडा क्ष-किरण विभाग उभारत, इतर विभागप्रमुखांप्रमाणेच एक सहकारी म्हणून राहिल्या. याच वर्षांत पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावण्याचे तंत्र विकसित केले, आणि जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये देशातील पहिल्या मेंदू-शस्त्रक्रिया विभागांपैकी एक सुरू केला. वेल्लोरच्याच विद्यार्थिनी डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मधील अपघातानंतर कमरेखालून अपंगत्व आले, तरी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभारला. यांपैकी कोणाचेही आडनाव स्कडर नव्हते. १९६० च्या मे महिन्यात कोडाईकनाल येथे इडा यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनी देशभरातील रुग्णालयांत काम करत होत्या, आणि त्यांच्या हाताखाली नव्या परिचारिका व डॉक्टर शिकत होते.